सदतीस सह्या

बालामणीअक्कांनी पिशवीतून विडी बांधायचा दोरा काढला आणि माझ्या टेबलावर, उघड्या आवक रजिस्टरच्या मधोमध, त्याचं गोल रिंगण मांडलं. दोऱ्याची दोन्ही टोकं गाठ मारून जोडलेली होती. रिंगण रजिस्टरच्या दोन्ही पानांबाहेर गेलं.

"एवढं तोंड आहे चेंबरचं," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी तुमच्या माणसांनी आणलेलं झाकण आतच पडलं. म्हणून या वेळी मापच आणलंय."

महापालिकेच्या आमच्या विभागीय कार्यालयात तक्रारीची खिडकी माझ्याकडे होती. मी तेव्हा बावीस वर्षांची. वडील पाणीपुरवठ्यात फिटर होते, कामावर असतानाच आजारी पडून गेले आणि त्यांच्या जागी मला अनुकंपावर घेतलं. नोकरीला आठ महिने झाले होते, अजून कायम झाले नव्हते. घरात आई आणि मी, दोघीच.

बालामणी येमूल कमलानगरात तिसऱ्या गल्लीत राहायच्या. ती सगळी वस्ती विडी कामगारांची आणि यंत्रमागवाल्यांची, बहुतेक घरांत तेलुगू बोलतात. त्या साठीच्या असतील. सकाळी कारखान्यात विड्या देऊन, पानं-तंबाखू घेऊन परत जाताना त्या आमच्या ऑफिसात आल्या होत्या. गल्लीतल्या ड्रेनेजच्या चेंबरला झाकण नव्हतं. तुंबलं की घाण पाणी वर येऊन गल्लीभर पसरायचं आणि त्या पाण्याखाली चेंबरचं तोंड दिसेनासं व्हायचं. त्यांना मराठी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. म्हणून तक्रारीचा अर्ज मीच लिहिला आणि सहीसाठी पेन त्यांच्यापुढे केला.

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. एकेक अक्षर गोल, टपोरं, तेलुगूतलं. झाल्यावर त्यांनी कागद थोडा लांब धरून पाहिला.

मी विचारलं, "कुठं शिकलात सही?"

"घरच्यांनी शिकवली. लग्न झाल्या झाल्या. म्हणाले, अंगठा कुठंच द्यायचा नाही."

मागं रांग होती. मी अर्जावर नंबर टाकला, पोच दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

जुलैच्या शेवटी आमच्या ऑफिसात एकदम धावपळ सुरू झाली. मुख्य कार्यालयात नवे उपायुक्त आले होते आणि त्यांनी सगळ्या विभागांकडून प्रलंबित तक्रारींची यादी मागवली होती. आमच्याकडे सदतीस तक्रारी पडून होत्या. झाकणं, फुटलेल्या पाइपलाइनी, तुंबलेली गटारं, खचलेला रस्ता. हे सगळं वाघचवरे साहेबांकडे यायचं. ते आमचे ज्युनिअर इंजिनिअर.

वाघचवरे साहेब वाईट माणूस होते असं मी तेव्हाही म्हणाले नसते आणि आजही म्हणणार नाही. वडील गेल्यावर माझी कागदपत्रं मार्गी लावायला त्यांनीच मदत केली होती. दुपारी डबा उघडला की आधी माझ्या ताटलीत लोणचं वाढायचे. त्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि समोर सदतीस तक्रारींच्या पावत्या ठेवल्या. प्रत्येक पावतीच्या खालच्या भागात छापलेलं असायचं: तक्रारीचे निवारण झाले, माझे समाधान झाले आहे. त्याखाली तक्रारदाराची सही.

त्यांनी समजावून सांगितलं की स्टोअरमध्ये झाकणं नाहीत, पाइप नाहीत, मागणी वर अडकली आहे. पुढच्या महिन्यात माल येईल आणि कामं होतीलच. फक्त कागद आधी पुरा करायचा, काम मागून. लोक दिवसभर कामाला जातात, त्यांना सहीसाठी कुठं शोधत बसणार. तुझं अक्षर चांगलं आहे, तूच करून टाक.

मी संध्याकाळपर्यंत बसून सदतीस सह्या केल्या. काही तिरक्या, काही सरळ, तीन-चार डाव्या हातानं, म्हणजे सगळ्या एका हातच्या वाटू नयेत. बाई असेल तर नावाआधी सौ. लिहिलं. मला लाज वाटली नाही, हे मला सांगितलं पाहिजे. उलट साहेबांनी इतक्या लोकांतून मला हे काम दिलं याचं बरंच वाटलं.

बालामणीअक्का त्यानंतर दर सोमवारी येत राहिल्या. कधी पावसात भिजून, कधी डोक्यावर पानांचं गाठोडं घेऊन. झाकण कधी बसणार, एवढंच विचारायच्या. काम चालू आहे, असं मी सांगायचे. त्या मान हलवायच्या, पुढच्या सोमवारी येते म्हणायच्या आणि यायच्या. एकदा त्यांनी घरी भिजवलेल्या चिंचेची चटणी आणून दिली. ऑफिसात बसून बसून तोंडाला चव राहत नसेल, म्हणाल्या. खिडकीपलीकडचं माझ्याशी इतकं बोलणारं तेव्हा दुसरं कोणी नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी त्या उशिरा आल्या. नेहमीसारख्या खिडकीशी उभ्या राहिल्या नाहीत, बाकावर बसल्या. मीच उठून त्यांच्याजवळ गेले.

त्यांची सून रेणुका शनिवारी सकाळी विड्यांची टोपली घेऊन कारखान्याला निघाली होती. गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. तिचा पाय सरळ चेंबरमध्ये गेला. ती कमरेपर्यंत आत गेली. शेजारच्या बायकांनी काखेत हात घालून ओढून काढली तेव्हा पाय दोन ठिकाणी मोडलेला होता.

अक्कांनी हे अगदी सावकाश सांगितलं. रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. मग म्हणाल्या, "मॅडम, माझा अर्ज कुठपर्यंत पोचला, तेवढं बघता का?"

मी कपाटातून फाइल काढली. मला ठाऊक होतं तरी काढली. त्यांच्या पावतीवर माझ्या हाताची सही होती. ठसठशीत, देवनागरीत. सौ. बालामणी येमूल. मी फाइल मिटली आणि बघून सांगते म्हणाले.

त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. आईनं डबा उघडून पाहिला आणि विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, सह्या तू स्वतःच्या मनानं केल्या नाहीस, सांगणाऱ्यानं सांगितलं म्हणून केल्यास. आता तोंड उघडलंस तर तो सुटेल आणि तू अडकशील. वडिलांच्या जागेवरची नोकरी आहे, ती तुझी एकटीची नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी गप्प राहायचं ठरवलं.

पण अगदीच गप्पही राहवेना. पुढच्या सोमवारी अक्का आल्या तेव्हा मी त्यांना लोकशाही दिनाबद्दल सांगितलं. महिन्यातून एकदा मुख्य कार्यालयात उपायुक्त स्वतः लोकांच्या तक्रारी ऐकतात, पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. अर्ज मीच लिहून दिला. माझा हिशेब असा होता की उपायुक्त वाघचवरे साहेबांना सगळ्यांसमोर झापतील, दोन दिवसांत झाकण बसेल आणि जुनी पावती कोणी उघडणारही नाही. अक्कांचं काम होईल आणि माझंही झाकलं जाईल.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुनावणी होती. वाघचवरे साहेबांनी फाइली धरायला मला बरोबर घेतलं. मुख्य कार्यालयाच्या सभागृहात शंभरेक माणसं होती. समोर टेबलामागं उपायुक्त, एका बाजूला सगळ्या विभागांचे इंजिनिअर, त्यांच्या मागं आम्ही क्लार्क. उपायुक्त पन्नाशीचे, बारीक अंगाचे, मध्ये कोणाला थांबवत नव्हते. प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घ्यायचे.

अक्कांचा नंबर अकरावा होता. त्या पुढं गेल्या, नमस्कार केला आणि सगळं सांगितलं. चेंबर, माप, जुलैपासूनचे सोमवार, सुनेचा पाय. उपायुक्तांनी वाघचवरे साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी शांतपणे माझ्याकडून फाइल घेतली आणि पावती काढून समोर ठेवली. या तक्रारीचं निवारण एकतीस जुलैलाच झालेलं आहे, असं त्यांनी सांगितलं. तक्रारदाराची समाधानाची सही आहे.

साहेब नुसती माफी मागून मोकळे होतील असं मी धरून चालले होते. ते पावती काढतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

उपायुक्तांनी पावती हातात घेऊन वाचली. "सौ. बालामणी येमूल. माझे समाधान झाले आहे."

"साहेब, परत वाचा," अक्का म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं.

"सौ. म्हणजे नवरा असलेली, ना?"

"हो."

"माझा नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली साहेब."

सभागृहात कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. अक्का हसल्या नाहीत. हसणं थांबेपर्यंत त्या थांबल्या. "आणि ही माझी सही नाही. मी मराठीत सही करत नाही. मला त्यांनी तेलुगूतच शिकवली."

उपायुक्तांनी वाघचवरे साहेबांना खुलासा विचारला. साहेब गडबडले नाहीत. त्यांनी सांगितलं की या वस्त्यांत सही घ्यायला माणूस गेला की घरात असेल तो सही करतो. सून, शेजारीण, कोणीही. झाकण बसवलेलंच होतं. पण तिथून झाकणं चोरीला जातात, भंगारात विकली जातात आणि मग तेच लोक नव्यानं तक्रार घेऊन येतात. हे रोजचंच आहे.

सभागृहाचा सूर बदललेला मला कळत होता. मघाशी हसलेली माणसं आता अक्कांकडं वेगळ्या नजरेनं बघत होती. उपायुक्तांनीही जरा मऊ आवाजात अक्कांना विचारलं की घरातल्या कोणी सही केली असेल आणि तुमच्या लक्षात नसेल, असं झालं असेल का.

"आमच्या गल्लीत चोर नाहीत," अक्का म्हणाल्या. पण आवाज आधीसारखा उरला नव्हता. त्यांनी मागं वळून पाहिलं. ओळखीचं कोणी दिसतंय का, ते शोधत असाव्यात. मग त्यांना मी दिसले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"त्या मॅडमना विचारा," त्या उपायुक्तांना म्हणाल्या. "माझे सगळे अर्ज त्यांनीच लिहिलेत. त्या खोटं बोलणार नाहीत."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वाघचवरे साहेबही वळले. त्यांच्या नजरेत धमकी नव्हती. मला काय बोलायचंय हे मला ठाऊकच असणार, असा भरवसा होता. त्या क्षणी मला आई आठवली, नोकरी आठवली, हे खरं आहे. पण सगळ्यांत जास्त काय टोचलं असेल तर ते अक्कांचं शेवटचं वाक्य.

मी उभी राहिले. "ती सही मी केली आहे."

उपायुक्तांना ऐकू आलं नसावं. त्यांनी पुढं यायला सांगितलं. मी टेबलापाशी जाऊन परत म्हणाले, "सही मी केली आहे साहेब. ही एकच नाही. त्या दिवशीच्या सदतीसही मीच केल्या."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"सांगितलं वाघचवरे साहेबांनी. केल्या मी."

साहेब लगेच म्हणाले की मुलगी नवीन आहे, गर्दीला घाबरली आहे, काय बोलतेय ते तिला कळत नाही. उपायुक्तांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि पावतीवरचं नाव लिहायला सांगितलं. मी लिहिलं. त्यांनी कागद आणि पावती शेजारी शेजारी ठेवली, बघितली आणि दोन्ही एकत्र टाचली. मग टेबलावरची घंटी वाजवली आणि शिपायाला जीप काढायला सांगितलं. उरलेल्यांची सुनावणी त्यांनी संध्याकाळी ठेवली.

ते आम्हाला म्हणाले, "चला. सदतीस पत्ते आहेत ना, बघून येऊ."

जीपमध्ये पुढं उपायुक्त, मागं एका बाकावर वाघचवरे साहेब, समोरच्या बाकावर मी आणि अक्का. माझ्या मांडीवर फाइल. साहेब बाहेर बघत होते. अक्का माझ्याकडं बघत नव्हत्या. अर्धा रस्ता असाच गेला. नोकरी गेल्याची मला खात्रीच होती आणि तरीही मला त्याच्यापेक्षा अक्का काही बोलत नाहीत याचाच जास्त त्रास होत होता.

शेवटी त्या म्हणाल्या, "सौ. का लिहिलंस?"

पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही.

"तुमच्या कपाळावर... मला टिकली वाटली."

त्यांनी कपाळाला हात लावला. भुवयांच्या मध्ये हिरवट काळं गोंदण होतं. इतक्या सोमवारी मी ते नीट पाहिलंच नव्हतं. लहानपणी आईनं जत्रेत काढून घेतलं होतं, असं त्यांनी सांगितलं.

"नवरा परत दिलास," त्या म्हणाल्या, "झाकण मात्र दिलं नाहीस."

ड्रायव्हर फसकन हसला. पुढं उपायुक्तांचे खांदे हललेले मला दिसले. अक्कांनाही हसू आलं आणि मला मात्र रडायला यायला लागलं. त्यांनी माझ्या मांडीवरची फाइल स्वतःकडं घेतली, ती भिजू नये म्हणून.

कमलानगरात जीप शिरली तशी घराघरांतून माणसं बाहेर आली. तिसऱ्या गल्लीत पाणी तसंच होतं. उपायुक्तांनी एक लांब काठी मागून घेतली आणि चेंबरमध्ये सोडली. ती हातभर सोडून सगळी आत गेली. त्यांनी काठी बाहेर काढून वाघचवरे साहेबांच्या हातात दिली. अक्कांच्या घरात रेणुका भिंतीला टेकून बसली होती. एक पाय प्लास्टरमध्ये सरळ पसरलेला, दुसऱ्या मांडीवर सूप. ती विड्या वळत होती. साहेब लोक दारात बघून तिनं उठायचा प्रयत्न केला, उपायुक्तांनी हातानंच नको म्हणून सांगितलं.

मग सुरू झाले पत्ते. पद्धत उपायुक्तांनीच ठरवली. प्रत्येक दारात मी पावतीवरचा नंबर आणि तक्रार मोठ्यानं वाचायची, काम झालंय का ते विचारायचं, मग पावतीवरची सही दाखवून ती कोणाची आहे हे मीच सांगायचं. पहिल्या घरी माझा आवाज फुटेना. उपायुक्त म्हणाले, "मोठ्यानं. लिहिताना हात अडखळला नव्हता ना?"

दुसऱ्या घरी एका बाईनं माझ्या तोंडावर दार लावलं. चौथ्या घरी एका म्हाताऱ्यानं पावती हातात घेऊन आपल्या नावाकडं इतका वेळ बघितलं की मी मान खाली घातली. शिव्याही खाल्ल्या. पण सातव्या-आठव्या घरापासून काहीतरी वेगळं व्हायला लागलं. आमच्या मागं माणसं चालायला लागली होती. बातमी पुढं धावत होती आणि आम्ही पोचायच्या आधीच लोक दारात पोच घेऊन उभे असायचे. मी नंबर वाचायचे आणि मागची माणसंच सांगायची की नाही झालं, अजून तसंच आहे, या दाखवतो. कोणीतरी मला पाणी आणून दिलं. घसा बसला तसा एका बाईनं हातातून पावत्या घेऊन स्वतःच नंबर पुकारायला सुरुवात केली. अक्का सगळा वेळ माझ्या शेजारून चालत होत्या आणि दारातून कोणी मला फार बोलायला लागलं की तेलुगूत काहीतरी सांगायच्या. काय सांगितलं ते मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "हिनंच सांगितलं म्हणून हे लोक आलेत, असं म्हटलं."

त्या दिवशी बावीस पत्ते झाले, दुसऱ्या दिवशी पंधरा. सदतिसांपैकी दोन कामं खरोखर झाली होती.

सहाव्या दिवशी ट्रक आला. स्टोअरमध्ये नसलेली झाकणं कुठून आली ते मला कधीच कळलं नाही, पण आली. सिमेंटची, जाड, चार माणसांनी उचलायची. तिसऱ्या गल्लीत पहिलं बसवलं ते बालामणीअक्कांच्या समोर. मजूर बाजूला झाले. अक्कांनी चप्पल काढली, झाकणावर चढल्या आणि दोन्ही पाय जोडून उभ्या राहिल्या. मग बाजूला होऊन त्यांनी शेजारणीला उभं केलं. मग पुढची, मग तिची जाऊ, मग एक लेकुरवाळी. गल्लीतल्या सगळ्या बायका एकेक करून त्याच्यावर उभ्या राहिल्या आणि उतरल्या. शेवटी दोघींनी खुर्ची उचलून रेणुकाला बाहेर आणलं. तिनं बसल्या बसल्या चांगला पाय झाकणावर टेकवला. सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तरात सगळं होतं तसं लिहिलं. नोकरी गेली नाही. कायम व्हायला एक वर्ष उशीर झाला आणि सेवापुस्तकात ताशेरे आले, ते आजही आहेत. वाघचवरे साहेबांची चौकशी लागली, बदली झाली. जाताना ते मला भेटले नाहीत. मलाही त्यांच्यापुढं जायचं धाडस झालं नाही. उपायुक्तांनी आमच्या ऑफिसला एक नवीन आदेश काढला: यापुढं काम झाल्यावर समाधानाची सही तक्रारदाराच्या दारात जाऊन, त्याच्या समोर घ्यायची. आणि हे काम ज्या कर्मचाऱ्यानं करायचं त्याचं नाव आदेशातच लिहिलं होतं. माझं.

ऑफिसातले लोक याला शिक्षा म्हणायचे. उन्हातान्हात वस्त्या तुडवायच्या. मी सात वर्षं ते काम केलं. वाईट वाटलं असा एकही दिवस मला आठवत नाही.

आई मात्र त्या सुनावणीनंतर माझ्याशी बोलायची बंद झाली होती. ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. मी काही सांगायला गेले की नळ सोडायची. नोकरी राहिली हे कळल्यावरही तिचा अबोला सुटला नाही. आपलं ऐकलं नाही, याचाच राग असावा, असं मी धरून चालले.

दिवाळी झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी मी साडेनऊला ऑफिसात पोचले तर खिडकीपासून फाटकाच्या बाहेरपर्यंत रांग होती. जवळजवळ सगळ्या बायका. कमलानगरातल्या, पण त्याच्या पलीकडच्या तीन वस्त्यांतल्याही. काहींच्या हातात कागद, काहींच्या हातात नुसता घरपट्टीचा नंबर. हेडक्लार्क दारात कपाळाला हात लावून उभे होते. एवढ्या तक्रारी घ्यायला रजिस्टर कुठं आहे, असं मला विचारत होते. मी स्टोअरमध्ये जाऊन नवीन रजिस्टर काढून आणलं, पानांवर नंबर टाकले आणि खिडकी उघडली.

दुपारपर्यंत मी मान वर केली नाही. नाव, पत्ता, तक्रार, सही. एकेक बाई पुढं येत होती. कोणाचं नाव कळायला अवघड गेलं तर मी दोनदा विचारायचे. नावाआधी काय लावायचं तेही विचारायचे.

एकतिसाव्या नंबरला मी वर न बघताच म्हणाले, "नाव?"

"कौसल्या दामोदर रणखांबे."

मी वर पाहिलं. आई होती. स्वच्छ इस्त्रीची साडी, हातात घडी केलेला कागद. तिच्या मागं अजून वीसेक बायका उभ्या होत्या. सकाळी मी घरातून निघाले तेव्हा ती चुलीपाशी होती. म्हणजे माझ्या मागोमागच निघाली असणार आणि तीन तास रांगेत उभी राहिली असणार. पुढं येऊन, मी हिची आई आहे, एवढं तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

"पत्ता?" मी विचारलं.

तिनं आमच्याच घराचा पत्ता सांगितला. तोही मी लिहून घेतला.

"तक्रार?"

"कोपऱ्यावरच्या खांबाचा दिवा चार महिने बंद आहे. बायकांना यायला-जायला त्रास होतो." ती थोडी थांबली. "नीट लिहा मॅडम. काम झाल्याशिवाय मी सही देणार नाही."

मागच्या बाईला हसू आलं. आईला आलं नाही. ती अर्ज लिहून होईपर्यंत खिडकीचा गज धरून उभी राहिली, पोच नीट वाचून घेतली, घडी करून कमरेला खोचली आणि पुढच्या बाईला जागा करून दिली.